पहिला भाग भन्नाट, मग पाणीच पाणी: विज्ञानमालिका लेखनात कशी हरते

विज्ञानकथेवरची नवी वेबमालिका आली की पहिल्या भागानंतर आमच्या जळगाव-भुसावळकडे हमखास ऐकू येतं, "भो, आयडिया एक नंबर आहे." तीन-चार भाग झाले की तोच माणूस मालिका लावून मोबाइल चाळत बसतो, आणि पर्व संपेपर्यंत "शेवटी काय झालं तेवढं सांगून टाक" इथवर येतो. मग कारणं निघतात. ग्राफिक्स स्वस्तातले होते, नट नवखे होते, आपल्या लोकांना विज्ञान झेपत नाही. यातलं थोडंफार खरंही असतं. पण पैसा, नट, ग्राफिक्स सगळं हाताशी असून आपटलेल्या मालिका काही कमी नाहीत, आणि त्या आपटल्या त्या कागदावर. कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच.

हे कसं होतं ते कळायला आधी विज्ञानकथेची एक अडचण समजून घ्यायला हवी. घरगुती मालिकेत जगाचे नियम प्रेक्षकाला जन्मापासून पाठ असतात. सुनेनं दागिने गहाण टाकले तर घरात काय होईल, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. विज्ञानकथेत मात्र निदान एक नियम लेखकानं स्वतः बनवलेला असतो. माणूस अदृश्य होऊ शकतो, काळात मागे जाता येतं, यंत्राला मन आहे. प्रेक्षक हा नियम पुरावा न मागता मान्य करतो, कारण त्याला गोष्ट ऐकायची असते. पण त्या बदल्यात त्याची एकच अट असते: नियम एकदा सांगितलास ना, आता तूही तो पाळ. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकानं फार पूर्वी सांगून ठेवलंय की एका गोष्टीत एकच अशक्य गोष्ट घ्यावी. जिथे काहीही घडू शकतं तिथे कशातच रस उरत नाही. मोठमोठ्या मालिकांचा घात बहुतेक वेळा इथेच झालाय.

एक उदाहरण आपल्याच मातीतलं घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. समजा, मालिका अशी आहे: यावल तालुक्यातल्या एका गावाभोवती दहा किलोमीटरच्या वर्तुळात एका पहाटेपासून काहीच सडत नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही. कल्पना झाली. इतपत कल्पना चहाच्या टपरीवर रोज चार निघतात. लेखकाचं काम इथून पुढे.

पहिला प्रश्न, नेमकं काय थांबलं? केळी पिकणं आणि केळी सडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घड कापतात हिरवा. पिकतो तो फळाच्या आतल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे), इथिलीन वायूचा इशारा मिळाला की. म्हणूनच रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन सोडतात. सडण्याचं काम बाहेरून आलेली बुरशी आणि जिवाणू करतात. आपल्या मालिकेत सूक्ष्मजीव थांबलेत असं ठरवलं, तर केळी पिकेल, मऊ पडेल, साल काळीही होईल, पण सडणार नाही. पानांवरचा करपा ही बुरशी, तीही थांबेल. सावद्याला बाग असलेल्या माझ्या आतेभावाला ही कल्पना सांगितली, तर त्यानं पहिल्याच झटक्यात विचारलं, "मग सीएमव्हीचं काय?" सीएमव्ही हा केळीवर येणारा विषाणू. विषाणू बुरशीही नव्हे आणि जिवाणूही नव्हे, दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याला वाढता येत नाही. मग तो या नियमात बसतो की नाही? उत्तर काहीही चालेल. पण दुसरा भाग लिहायला घेण्याआधी ते ठरलेलं हवं, कारण रावेर-यावलचा प्रेक्षक ते विचारणार म्हणजे विचारणारच.

नियम पक्का झाला की परिणाम आपोआप सुचू लागतात, आणि खरी गंमत त्यांच्यातच आहे. पहिल्या आठवड्यात गाव खूश. करप्याची फवारणी वाचली. ग्रामीण रुग्णालयात पायाची जखम चिघळून पडलेला माणूस उठून बसला. मग एका सकाळी घराघरात दूध तसंच पातळ. विरजण लागलंच नाही. गोबरगॅसची शेगडी हळूहळू मंदावून विझली. सातपुड्याच्या पायथ्याला मोहाचा सडवा फसफसेना, म्हणून भट्टीवाले एकमेकांवर संशय घ्यायला लागले. (तक्रार घेऊन पोलिसांत जावं तर तीही सोय नाही. हा प्रसंग मी तरी सोडला नसता.) मग शेणखत मुरेना. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, तेही थंड.

आणि मग गोठा. रवंथ करणाऱ्या जनावराला चाऱ्यातलं सेल्युलोज स्वतःहून पचवता येत नाही. ते काम पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव करतात. माणूस त्यांच्याशिवायही तगून राहील. प्रयोगशाळांमध्ये सूक्ष्मजीवविरहित उंदीर वाढवतात, त्यांना के जीवनसत्त्वासारख्या काही गोष्टी वरून द्याव्या लागतात, पण ते जगतात. म्हशीचं तसं नाही. म्हणजे आपल्या गावात गव्हाण चाऱ्यानं भरलेली, म्हैस खातेय, पोट फुगलेलं, आणि अंगावरचं मांस रोज उतरतंय. डॉक्टर येतात, इंजेक्शन देतात, जातात. मालकाला वाटतं कुणी करणी केली. हे दृश्य लिहायला ग्राफिक्सचा एक पैसा लागत नाही. लागतो तो नियमाचा शेवटपर्यंत पाठपुरावा.

आता याला माणसाची बाजू जोडा. एका भावाची केळीची बाग, त्याची फवारणी वाचतेय. दुसऱ्याचा दुधाचा धंदा, त्याच्या सात म्हशी डोळ्यांदेखत वाळतायत. शिवाय पहिल्या भावाची मुलगी क्षयरोगी, औषधांना दाद न देणाऱ्या प्रकारातली. वर्तुळात आल्यापासून तिचा खोकला बसलाय. वर्तुळाबाहेर पाऊल टाकलं तर रोग पुन्हा उठेल. वर्तुळ राहावं की जावं, यावर या दोन भावांचं भांडण लावायला लेखकाला वेगळं काही करावं लागत नाही. खलनायकाची गरजच नाही. भांडण नियमाच्या पोटातूनच बाहेर आलंय.

कच्चा लेखक इथे काय करतो? म्हशीत आणि विरजणात नाट्य आहे, यावर त्याचा विश्वासच बसत नाही. म्हणून तिसऱ्या भागात तो पालच्या जंगलात एक गुप्त प्रयोगशाळा काढतो. चौथ्यात दिल्लीहून काळ्या गाडीत गूढ अधिकारी येतो. पाचव्यात मेलेला समजलेला बाप परततो आणि म्हणतो, "अजून वेळ आलेली नाही." सहाव्या भागात सगळे जेवायला बसलेत आणि सासू पानात दही वाढतेय.

त्या दह्याच्या वाटीनं मालिका संपली. कुणी पत्र लिहून कळवत नाही, पण बघणाऱ्याच्या मनात नोंद होते की या लोकांना स्वतःच्याच गावात काय चाललंय ते आठवत नाही. मग आपण तरी का लक्षात ठेवायचं?

हे काल्पनिक झालं. खऱ्या मालिकांत असंच घडलंय, आणि मोठ्या मोठ्या नावांच्या बाबतीत. अमेरिकेत २००६ साली 'हीरोज' सुरू झाली. साध्या माणसांना अचानक अचाट शक्ती मिळतात, हा तिचा विषय. पहिलं पर्व तुफान चाललं. त्यात पीटर नावाचा तरुण आहे, ज्याला जवळ येणाऱ्या कुणाचीही शक्ती मिळते. ऐकायला झकास, पण लेखनाच्या दृष्टीनं हा गळफास. जो उडू शकतो, जखम भरून काढू शकतो, काळ थांबवू शकतो, त्याला अडचणीत टाकायचं कसं? मग दरवेळी त्याला काहीतरी विसरायला लावा, नाहीतर मूर्खासारखं वागवा. शेवटी तिसऱ्या पर्वात लेखकांनी त्याची शक्ती छाटली, एका वेळी एकच. त्याआधी दुसऱ्या पर्वात तो कॅटलिन नावाच्या मैत्रिणीला घेऊन एका भयाण भविष्यकाळात जातो, तिथे साथीच्या रोगानं जग ओस पडलेलं असतं. तो परत येतो, ती तिथेच राहते. पुढे ते भविष्यच टळतं. आणि त्या मुलीचं काय झालं, हे मालिकेनं पुन्हा कधी काढलंच नाही. नायक तिच्यासाठी रडतसुद्धा नाही. ही आपली दह्याची वाटीच.

त्या पर्वाच्या मध्येच, ५ नोव्हेंबर २००७ ला, अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप सुरू झाला आणि पर्व ११ भागांवर आटोपलं. पुष्कळ लोक घसरणीचं खापर संपावर फोडतात. पण निर्माते टिम क्रिंग यांनी त्याच महिन्यात एका मासिकाशी बोलताना चुका कबूल केल्या होत्या: कथा सरकायला फार वेळ लागला, नवी पात्रं कोंबली, हिरो नावाच्या लाडक्या पात्राला जुन्या जपानात फार काळ अडकवून ठेवलं. हे सगळं संपाच्या आधी लिहिलं गेलेलं होतं.

'लॉस्ट'ची गोष्ट आणखी बोधक आहे. सप्टेंबर २००४ मध्ये ती सुरू झाली. विमान निर्मनुष्य वाटणाऱ्या बेटावर कोसळतं, आणि त्या उष्ण बेटाच्या जंगलातून पहिल्याच भागांत ध्रुवीय अस्वल धावत येतं. कुणीही खुर्चीत पुढे सरकून बसेल. पण प्रश्न फेकायला एक ओळ पुरते, उत्तराला अख्खं पर्व लागतं, आणि वाहिनीला तर मालिका संपवायचीच नव्हती. मग लेखकांनी काय करावं? वेळ काढावा. तिसऱ्या पर्वात एक आख्खा भाग नायकाच्या दंडावरच्या गोंदणाचा इतिहास सांगण्यात गेला. गोंदण कुठे काढलं, कुणी काढलं. ते कुणी विचारलं होतं? सहनिर्माते डेमन लिंडेलॉफ यांनी पुढे सांगितलं की वाहिनीला मालिकेचा शेवट ठरवायला राजी करताना हाच भाग कामी आला: संपायची तारीख दिली नाहीत तर आम्हाला असलंच लिहावं लागेल. मे २००७ मध्ये जाहीर झालं की आणखी ४८ भाग, आणि २०१० मध्ये शेवट. त्यानंतर कथेला दिशा आली हे मान्य करावं लागेल, शेवट पटो न पटो. मला स्वतःला तो पटला नाही, पण मधल्या काळातल्या गोंदणापेक्षा तो शंभर पटींनी बरा.

त्याच मालिकेतली आणखी एक खोड मात्र अक्षम्य आहे. बेटावर कुणी काही विलक्षण पाहिलं तर तो बाकीच्यांना सांगतच नाही, आणि बाकीचे विचारतही नाहीत. कारण विचारलं तर गूढ संपेल. आमच्याकडे एका घरचं विरजण बिघडलं तर दहा वाजायच्या आत बसस्टँडपर्यंत बातमी पोचते. आणि ही माणसं अक्राळविक्राळ धुराचा राक्षस पाहून येतात आणि गप्प बसतात. पात्रांची तोंडं शिवून टिकवलेलं रहस्य खरं नसतं. प्रेक्षकाला हे लवकर कळतं, आणि एकदा कळलं की तो प्रत्येक गूढ प्रसंगाकडे संशयानं बघतो.

तारीख देऊन फसलेलं उदाहरणही आहे. २००९ च्या 'फ्लॅशफॉरवर्ड'मध्ये पृथ्वीवरची सगळी माणसं एकाच वेळी १३७ सेकंद बेशुद्ध पडतात आणि त्या वेळात प्रत्येकाला २९ एप्रिल २०१० या दिवसाची आपली झलक दिसते. कल्पना रॉबर्ट सॉयर यांच्या कादंबरीतली, अफलातून. ज्याला काहीच दिसलं नाही त्यानं समजून जायचं की त्या दिवशी आपण नसणार! पण मालिका भराभर पोलिसी तपासाच्या वाटेला लागली. कट, हेर, पाठलाग. झलक पाहिलेली कोट्यवधी साधी माणसं उद्या कामावर कशी जातील, लग्नं कशी ठरतील, कर्ज कोण देईल, हा जो मोठा प्रश्न होता तो कोपऱ्यात पडला. एकाच पर्वात मालिका बंद झाली, तीही दुसरी बेशुद्धी दाखवून, म्हणजे नवा प्रश्न टाकून.

याच्या उलट बाजूला २००४ च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चा पहिला नियमित भाग ठेवून बघा. माणसांची उरलीसुरली अवकाशजहाजं पळतायत आणि शत्रू झालेले यंत्रमानव दर ३३ मिनिटांनी गाठतायत. नियम एवढाच. त्यातून निघतं ते काय? झोप नाही. पाच दिवस कुणीच झोपलेलं नाही. वैमानिकांचे हात थरथरतायत, अधिकारी चुकीचे आकडे वाचतायत, माणसं क्षुल्लक गोष्टीवर एकमेकांवर वसकन ओरडतायत. आणि याच अवस्थेत त्यांना ठरवायचंय की मागून आलेलं एक प्रवासी जहाज, ज्यात बहुधा आपलीच माणसं आहेत, पाडायचं की नाही. ३३ मिनिटंच का, हे मालिकेनं सांगितलं नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही. प्रेक्षकाला कारण मिळालं नाही तरी चालतं. परिणाम मिळाला नाही की तो चिडतो.

पण हीच मालिका भागांच्या सुरुवातीला यंत्रमानवांबद्दल एक ओळ दाखवायची: त्यांच्याकडे एक योजना आहे. निर्माते रोनाल्ड मूर यांनी नंतर मोकळेपणानं सांगितलं की अशी योजना लेखकांकडे नव्हतीच, ओळ ऐकायला छान वाटते म्हणून घातली होती. लोक योजनेची वाट पाहत बसले. एका ओळीनं केवढं कर्ज करून ठेवलं!

मग हुशार लोक अशा चुका का करतात? याचं उत्तर बरंचसं कामाच्या पद्धतीत आहे. अमेरिकी वाहिनीवरच्या मालिकेचं एक पर्व साधारण २२ भागांचं असायचं. आठ-दहा लेखक एका खोलीत बसून पर्वाची रूपरेषा ठरवतात, एकेक भाग वाटून घेतात, आणि सगळ्यांवर एक मुख्य लेखक-निर्माता असतो. पहिला भाग घोळवायला महिनोन् महिने मिळतात. बारावा भाग लिहिला जातो तेव्हा दहाव्याचं चित्रीकरण चाललेलं असतं, आठव्याचं संकलन, आणि पाचवा काल रात्री दाखवून झालेला असतो. शिवाय पुढचं पर्व मिळेल की नाही हे वसंतापर्यंत माहीत नसतं. म्हणजे एका घरात राहायचं आहे की उद्या रिकामं करायचं आहे हे न कळता लावलेला संसार. नवीन पद्धतीत, ओटीटीवर, आठ-दहा भाग आधीच लिहून होतात हे खरं, पण तिथे दुसरा रोग आहे. दोन तासांच्या सिनेमाची गोष्ट आठ तासांत पसरवायची, म्हणून मधले चार भाग नुसतं पाणी. तिथे लेखकही कमी घेतात आणि चित्रीकरण सुरू व्हायच्या आत मोकळे करतात. २०२३ च्या २ मे पासून १४८ दिवस चाललेल्या लेखकांच्या संपात हाही एक मुद्दा होता.

आता संवादाकडे येऊ, कारण कच्चं लेखन सगळ्यात आधी कानाला कळतं. अवकाशयानातल्या मोहिमांवरच्या 'स्टार ट्रेक'च्या नव्वदीच्या दशकातल्या पटकथांमध्ये लेखक तांत्रिक जागी नुसतं 'टेक' असं लिहून पुढे जायचे. "कॅप्टन, टेक बिघडलंय." "मग टेकमधून टेक वळवा." नंतर विज्ञान सल्लागार त्या जागी भारदस्त शब्द भरायचे. हे मूर यांनीच सांगितलंय. ते आधी तिथे लेखक होते. जिथे बिघाड ही नुसती पार्श्वभूमी आहे तिथे हे खपून जातं. पण जहाज वाचवायचा उपायही 'टेक' असेल तर प्रेक्षकाच्या हातात काहीच उरत नाही. धोका अगम्य शब्दाचा, सुटकाही अगम्य शब्दानं. तरी त्या मालिकेकडे विनोदबुद्धी होती. माणसाला एका जागेहून दुसरीकडे पाठवणाऱ्या त्यांच्या यंत्रात अनिश्चिततेच्या तत्त्वावर (कणाची जागा आणि वेग एकाच वेळी अचूक कळू शकत नाहीत, या हायझेनबर्गच्या नियमावर) मात करायला 'हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर' नावाचा भाग असतो. तो कसा चालतो, असं मायकेल ओकुडा या कलादिग्दर्शन करणाऱ्या तंत्रज्ञांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "छान चालतो, धन्यवाद." नियम मान्य करा आणि पुढे चला, इतकंच.

दुसरा दोष म्हणजे पात्रांनी एकमेकांना माहीत असलेली माहिती प्रेक्षकासाठी ऐकवणं. आपल्या यावलच्या मालिकेत कच्चा लेखक कृषी अधिकाऱ्याच्या तोंडी घालेल: "तुम्हाला ठाऊकच आहे सरपंच, दुधाचं दही लॅक्टोबॅसिलस या जिवाणूमुळे होतं, आणि आपल्या परिसरातले सर्व जिवाणू निष्क्रिय झालेले आहेत." ठाऊकच आहे तर सांगतोस कशाला? तेच असं लिहिता येतं. पहाट, चुलीपुढे सासू-सून.

"रात्री दूध कोमट होतं ना?"

"हो आई. बोट घालून पाहिलं होतं."

"विरजण?"

"पहिल्या दिवशी घरचं. दुसऱ्या दिवशी काकूंकडचं. काल भुसावळहून आणलेलं."

सासू पातेल्यात बोट बुडवते, चाखते. गोड दूध. ती सुनेकडे न बघता म्हणते, "काकूंकडे काय म्हणून सांगितलंस?"

"काही नाही. त्यांचंही लागलेलं नाही."

इथे जिवाणू हा शब्द आला नाही. पण बाहेरून आणलेलं विरजणही इथे आल्यावर मरतं हे कळलं, म्हणजे नियमाची एक बाजू कळली. आणि सासूला दह्यापेक्षा शेजारी नाव जाण्याची जास्त काळजी आहे, हेही कळलं. अधिकाऱ्याचं भाषण फक्त माहिती देतं. या सहा ओळी माहिती देऊन घरही उभं करतात.

'स्टार ट्रेक'ला शब्द पुरवणाऱ्या विज्ञान सल्लागारांत नरेन शंकर हे भारतीय वंशाचे लेखक होते, कॉर्नेल विद्यापीठातून उपयोजित भौतिकशास्त्रात पीएच.डी. झालेले. पुढे २०१५ साली आलेल्या 'द एक्स्पान्स' या मालिकेची लेखनाची धुरा त्यांच्याकडे होती. तिथे चित्र उलटं झालेलं दिसतं. अवकाशयान अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवतं आणि मग उलटं फिरून वेग कमी करत जातं, कारण ब्रेक मारायला तिथे रस्ता नाही. जोरात वेग घेतला की शरीरावर ताण येतो आणि माणसं त्यात मरतातही. संदेश प्रकाशाच्या वेगानं जातो, म्हणजे पृथ्वी आणि मंगळ यांच्यात अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणून भांडण चालू असताना उत्तराची वाट बघत बसावं लागतं. लघुग्रहांवर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांची हाडं कमी गुरुत्वात लांब आणि ठिसूळ झालीत, त्यांना पृथ्वीवर उभंही राहता येत नाही, आणि त्यांच्या राजकारणाची सगळी खदखद त्या हाडांतून आणि मोजून मिळणाऱ्या पाण्यातून येते. विज्ञान वेगळं समजावलं जात नाही, ते पात्रांच्या अंगावर येतं. मूळ कादंबऱ्यांचे दोन्ही लेखक पटकथेच्या खोलीत बसत होते, हेही महत्त्वाचं. २०१८ मध्ये पहिल्या वाहिनीनं ती बंद केली, दुसरीकडे आणखी तीन पर्वं झाली, आणि दर्जा घसरला नाही.

आधीच सगळं ठरवून ठेवलं तरी अडचणी येतातच. 'बॅबिलॉन ५'च्या जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी पाच वर्षांची कथा आखून घेतली होती. ११० भागांतले ९२ त्यांनी स्वतः लिहिले. पहिल्या पर्वानंतर नायकाचं काम करणारा नट गेला. पण त्यांनी आधीच प्रत्येक पात्रासाठी बाहेर पडायचा एक चोरदरवाजा ठेवलेला होता. नवा नायक आला, जुन्याचं कथेतलं ऋण पुढे फिटलं. जर्मन 'डार्क' (२०१७ ते २०२०) तीन पर्वं, २६ भागांत आटोपली. तीत ३३-३३ वर्षांच्या फेऱ्यातून एकाच गावातली चार घरं एकमेकांत इतकी गुंततात की वंशावळ कागदावर काढावी लागते, पण हिशेब लागतो.

मराठीत एकाच नियमातून गोष्ट फुलवण्याचा उत्तम धडा मालिकेत नाही, कथेत आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावानं कथा पाठवली, तिथून त्यांचं मराठी विज्ञानकथालेखन सुरू झालं हे बहुतेकांना ठाऊक असतं. माझ्या मते पटकथा लिहिणाऱ्यानं त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पेन घेऊन वाचावी. बदल एकच: पानिपतात विश्वासरावांना लागणारी गोळी तिळभरानं चुकली. बाकी सगळं त्यातून. पंत मुंबईला उतरतात तर तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदतेय. आता पंत काय करतात ते बघा. ते इतिहासकार आहेत, म्हणून धावतात ग्रंथालयाकडे, आणि स्वतः लिहिलेले इतिहासाचे खंड काढून बघतात की नेमकं कुठून वळण घेतलं. शोध पात्राच्या स्वभावातून निघाला. आणि ते सभांना अध्यक्ष होऊन होऊन इतके सरावलेत की मैदानावर व्यासपीठाला अध्यक्ष नाही हे त्यांना सहनच होत नाही. ते जाऊन बोलू लागतात आणि लोक त्यांना झोडपतात. कथेला कलाटणी मिळते ती या खोडीमुळे. क्वांटम सिद्धांताचं स्पष्टीकरण येतं, पण शेवटी, सगळं भोगून झाल्यावर. तोवर वाचक स्वतःच ते मागत असतो.

आपल्याकडे पडद्यावर प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. दूरदर्शनवर १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम' आली, केतन मेहतांची, मिलिंद सोमण नायक. आमच्या पिढीनं ती तोंडाचा आ करून पाहिली. पण मराठी वाहिन्यांवरच्या दैनंदिन मालिकेच्या चरकात विज्ञानकथा टिकणं मला अवघड दिसतं. तिथे आठवड्याला सहा भाग द्यायचे, आकडे घसरले की कथा फिरवायची, चालली तर वर्षानुवर्षं ओढायची. घरगुती गोष्ट या ओढाताणीत जगते, कारण लग्न मोडलं तर दुसरं लावता येतं. वर्तुळातली म्हैस तीनशे भाग वाळू शकत नाही.

म्हणून यावलची ही गोष्ट कुणाला खरोखर लिहावीशी वाटली, तर सहा भागांत बसवावी आणि सहावा भाग आधी लिहावा. त्यात वर्तुळ उठतं की राहतं, उठलं तर त्या मुलीचं काय, राहिलं तर दुधाचा धंदा करणाऱ्या भावानं गाव सोडताना भावजयीला काय म्हटलं, हे लिहून झालं की मग मागे येऊन पहिली पहाट. अभिनय करणारी, कॅमेरा धरणारी पोरं आता जळगाव-धुळ्यात पुष्कळ आहेत, आणि गोठा भाड्यानं मिळतो.